जुनी पॅकेजं आणि दिवाळीची सफाई

नानाखेड्याच्या आमच्या घरी वाय-फाय नाही. माझ्या मोबाईलवर रोज दीड जीबी मिळतं, त्यातच सगळ्यांचं आणि लॅपटॉपचंही भागतं. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याच्या अपडेटवर माझा पहिल्यापासून राग आहे. प्रोग्रॅममध्ये चार ओळी बदलल्या की अख्खं पॅकेज, म्हणजे त्या प्रोग्रॅमची सगळी फाईल, पुन्हा उतरवा! पायजम्याची नाडी तुटली म्हणून कोणी नवा पायजमा शिवतं का?

शेवटी मी शोधून एक सोय बसवली. जुनं पॅकेज डिस्कवर असेल तर फक्त बदललेला भाग उतरतो आणि नवं पॅकेज घरच्या घरी जुळतं. तीनशे एमबीच्या जागी वीस. म्हणून जुनी पॅकेजं मी जपून ठेवली होती.

दिवाळीच्या सफाईला बायकोचा धाकटा भाऊ गावातल्याच देवास गेट भागातून आला. त्याच दिवशी चार वाजता बायकोची मुलाखत होती, एका शाळेची, व्हिडिओवर. मुलं मोठी झाल्यावर ती पहिल्यांदाच नोकरीसाठी बाहेर पडत होती. मी माळ्यावरची भांडी काढून खाली उतरलो, तर मेहुणेसाहेब लॅपटॉपपुढे.

"जिजाजी, काय कबाडखाना करून ठेवलाय! जुनी पॅकेजं नुसती. सगळी उडवली. वर अपडेटही लावून दिलं."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"सफाईलाच तर बोलावलंत ना!"

जुनं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक पॅकेज पूर्ण उतरत होतं. मी थांबवेपर्यंत दिवसाचा डेटा संपला. साडेतीन वाजले होते.

"टेन्शन कशाला घेता? टॉप-अप मारा."

"मी का मारू? तुझा फोन काढ. हॉटस्पॉट चालू कर."

"अहो, माझी मॅच आहे!"

"तुमची भांडणं नंतर," बायको केस विंचरत म्हणाली. "कोणाचं का असेना, मला नेट द्या."

त्याने फोन टेबलावर आपटला. मुलाखत संपेपर्यंत तो दारापुढच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याला स्कोअर विचारत होता. मी त्याला चहाही विचारला नाही.

नोकरी लागली. भाऊबीजेला ओवाळून घेताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, माझ्या डेटावर नोकरी लागली तुला. ओवाळणी तूच घाल."

सगळे हसले. मी हसलो नाही. लॅपटॉपचा पासवर्ड बदलला आहे. तो अजून विचारतो, मी सांगत नाही.