चिनी मातीचा डेलिया

या जगात मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन, तर लांजीच्या माझ्या मामीचा. आमच्या खेड्यात शाळा आठवीपर्यंतच होती. पुढची चार वर्षं मामीनं मला आपल्या घरी ठेवून घेतलं. कॉलेजसाठी बालाघाटला निघालो तेव्हा तांदळाच्या पिठाची पिशवी तिनं बसच्या खिडकीतून आत ढकलली, ती शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर फुटली. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. ते पीठ आणि ती मामी नसती, तर मी आज कुठं असतो कोण जाणे.

मामीला एकच नाद आहे, डेलियाचा. गोडेतेलाच्या रिकाम्या पिप्यात ती तो लावते. हिवाळ्यात पुरीएवढं गुलाबी फूल येतं. पौर्णिमेला ती विहारात दुसरी फुलं नेते, डेलिया तोडत नाही.

मी बालाघाटला एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर काम करतो. फिनिशिंग केल्याशिवाय कुठलाही फोटो दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा आमच्या मालकांचा नियम आहे. पासपोर्टचा असो की लग्नाचा, चेहरा उजळायचा, डाग पुसायचे, केस काळे करायचे. एकदा विम्यासाठी म्हशीचा फोटो आला. तिलाही मी नियमाप्रमाणे उजळवलं. विमेवाल्यांनी फोटो परत पाठवला आणि ही गाय कोणाची, असं विचारलं.

गेल्या हिवाळ्यात मामीचा फोन आला. "बालाघाटले फुलाईची प्रदर्शनी आहे म्हणते. पहिले फोटो मांगून राह्यले. ज्याचा पसंत येईन त्याले झाड घेऊन बोलावतेत. तू पाठवून देशीन काय?"

"हौ मामी," मी म्हणालो.

तिनं फोनवर फोटो पाठवला. फूल छान होतं, पण मागे तारेवर मामाचं बनियन वाळत होतं. मला वाटलं, उपकार फेडण्याची संधी आली आहे, तर साध्या फिनिशिंगवर भागवू नये. व्हिडिओ पाहून मी एक नवीन इफेक्ट शिकलो होतो, फूल चिनी मातीचं दिसतं असा. अर्धा दिवस त्यात घालवला. पाकळ्या कपबशीसारख्या गुळगुळीत झाल्या, प्रत्येकीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ आली. मालक मागून वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, इसमें तो चाय डालके पी लो!"

मी तो फोटो प्रदर्शनीला पाठवून दिला. दोन दिवसांनी तिथल्या एका साहेबांचा फोन आला. डेलिया निवडला गेला होता, शिवाय मधलं टेबल मिळालं होतं.

"भैया, ये कौन सी किस्म है?"

"डेलिया आहे सर, लांजीचा."

"लाते समय संभालके लाना. टूटना नहीं चाहिए."

साहेबांना ते फूल खरंच तसं वाटलं होतं. मी लगेच बनियनवाला मूळ फोटो पाठवला. साहेबांचं उत्तर आलं, "ये तो मामूली है. असली वाला लाइए."

मग दोन-तीन दिवसांनी मामीचा फोन. साहेबांनी निवडलेला फोटो तिलाही पाठवला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"काहून रे, मह्यं फूल असं काहून नाही चमकत?"

"मामी, ते कॉम्प्युटरवर..."

"मी दुधाच्या फडक्यानं पुसून राह्यलो दोन दिवसापासून. थोडंसं येते अन् मंग जाते."

मामीकडे शेजारणी जमू लागल्या. फोटो पाहायचा आणि मग झाडाकडे येऊन पाकळीवर नखानं टिचकी मारायची. एकीच्या टिचकीनं पाकळी गळाली, तर ती ओरडली, "बाई, फुटलं वं!" मामा म्हणाले, "फेविक्विक आणू काय?" ते गमतीनं बोलले की खरंच, हे मामीला अजून कळलेलं नाही.

मला मात्र हसू येत नव्हतं. मामीला आजवर कोणी कुठं चार लोकांत मानानं बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा बोलावलं, आणि तेही माझ्या फुलासाठी, तिच्या नाही.

"मी नाही येत," ती शेवटी म्हणाली. "लोक हासतीन. तू शिकलेला आहेस, काय काय लावलं ते कागदावर लिहून पाठव. तसं झालं त येतो, नाही त घरीच राहतो."

मी त्याच संध्याकाळी हे लिहिलं आणि लांजीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं.

"मामी, जय भीम.

फुलाला काय लावलं ते जसं केलं तसं सांगतो. आधी कडेकडेनं माऊस फिरवून फूल कापून काढलं आणि मागे काळा रंग भरला. मामाचं बनियन तिथंच गेलं. मग गुलाबी रंग उतरवून पांढरा केला, आणि सावलीत थोडा निळा टाकला. त्याच फुलाची दुसरी प्रत पहिलीवर ठेवून धूसर केली, म्हणजे पाकळ्यांच्या शिरा बुजल्या. शेवटी उजेड-अंधाराची एक रेघ असते, ती सापासारखी वाकवली. चकाकी तिनं येते. यातलं काहीच पिप्यात टाकता येत नाही. दूध तर बिलकुल लावू नको, मुंग्या येतील.

प्रदर्शनीवाल्यांना मी जाऊन भेटलो. फूल गुलाबी आहे, पांढरं मी केलं, असं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण कार्ड छापून झालं. त्यामुळे टेबलावर 'चीनी मिट्टी डहेलिया' असंच लिहिलेलं राहील. जागा मधलीच आहे आणि कार्डावर तुझं नाव आहे. तू आली नाहीस तर नुसतं कार्ड राहील, आणि लोक तेच पाहत उभे राहतील. इथले लोक मला माहीत आहेत.

म्हणून जे फूल आहे ते घेऊन ये. एक पाकळी कमी असली तरी चालेल. हे चमकत का नाही, असं कोणी विचारलं तर तू गप्प राहा, मी बोलेन. त्यासाठीच तू मला शिकवलंस असं मी समजतो.

पिपा जड आहे, मामाला सोबत आण. रविवारी सकाळच्या बसनं निघा. मी स्टँडवर उभा आहे.

तुझा भाचा"