मास्तराचं काय झालं?
कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास आला की माझ्या बोटांना ती कडी आठवते. लग्नानंतर आम्ही पूर्णेला एका खोलीत भाड्यानं राहत होतो आणि टीव्ही फक्त घरमालकीण बाईंकडं होता. एका दुपारी मी त्यांच्याकडं बसले होते, जुना काळापांढरा सिनेमा लागलेला. जखमी दरोडेखोर एका मास्तराला त्याच्याच घरात ओलीस धरून बसला होता. दोघांचीही अर्धी तोंडं अंधारात. त्यानं मास्तराच्या कानशिलाला पिस्तूल लावलं आणि बाईंनी खटकन टीव्ही बंद केला. “टीव्ही तापायलाय. जा आता तुझ्या खोलीत.” मी उंबरा ओलांडते न ओलांडते तोच आत टीव्ही पुन्हा सुरू झाला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी बाहेरून कडी घातली आणि ओट्यावर बसले. आतलं काही नीट ऐकू येईना. सिनेमा संपून टीव्ही बंद झाला, तेवढ्यात गच्चीवर धपाधप वानरं उतरली. वर बाईंच्या कुरडया वाळत होत्या. बाई दार बडवायला लागल्या. “कडी काढ गं! वानरं समद्या कुरडया खायलेत!” “आधी सांगा, मास्तराचं काय झालं?” “मेला! गोळी घातली त्याला! काढ आता!” मी सावकाश उठून कडी काढली. त्या मास्तरासाठी मी कितीतरी वर्षं हळहळले. परवा लेकीनं मोबाईलवर तोच सिनेमा लावून दिला. मास्तर मरत नाही. शेवटी दार उघडून स्वतःच्या पायानं बाहेर येतो. बाई अजून पूर्णेतच असतात म्हणे. रविवारी जाणार आहे, त्यांच्या दाराला बाहेरची कडी अजून आहे का बघायला.