तारेनं बांधलेलं तोंड

"जबडा दोन ठिकाणी मोडलाय," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रेची फिल्म त्यांनी उजेडासमोर धरली. "एक इथं, हनुवटीच्या डाव्या बाजूला. दुसरं उजव्या कानापुढं. जबड्याची बिजागरी असते तिथं. तिला काँडाइल म्हणतात."

पुण्यातला तो दातांचा मोठा दवाखाना. मी टॉवेलनं तोंड धरून बसले होते. दोन दात गेले आणि हनुवटी फाटली, एवढंच झालंय असं मी धरून चालले होते. जुन्नरच्या डॉक्टरांनी हनुवटीला टाके घातले, मग दात मिटायला सांगितलं. खालचे दात वरच्यांवर बसेनात. तेव्हा त्यांनीच लगेच पुण्याला धाडलं.

आम्ही जुन्नरजवळच्या डिंगोऱ्याचे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. लाईट नव्हती आणि कांद्याला पाणी हवं होतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन मी बऱ्याचदा हँडल मारून चालू करायची. त्या दिवशी इंजिनानं उलटा झटका दिला आणि हँडल हनुवटीवर बसलं. आधी दुखलंच नाही. तोंडात खडे आल्यासारखं वाटलं, थुंकले, तर दात.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. वरच्या आणि खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या बसवायच्या, त्यांना आर्च बार म्हणतात. मग त्या पट्ट्या तारेनं एकमेकींना आवळायच्या, म्हणजे तोंड बंद. "मोडक्या हाताला प्लास्टर घालतो, तसंच हे. चार आठवडे तोंड उघडायचं नाही. पातळच घ्यायचं."

मला एकच विचार आला, तो मला बोलता येईना. माझे मालक शेजारी उभे होते, यांनी तो ओळखला. "साहेब, हिला उलटी झाली तर?"

डॉक्टरांनी तार कापायचा लहानसा कटर यांच्या हातात दिला. "हा कायम जवळ ठेवा. पण उलटी झाली म्हणून घाईनं कापू नका. बाईंना पुढं वाकवा, मान खाली. दातांच्या फटीतून सगळं बाहेर येतं. श्वास अडकला, तरच या उभ्या तारा कापायच्या."

"कोनत्या, परत दावा."

डॉक्टरांनी टेबलावरच्या नमुन्याच्या जबड्यावर परत दाखवल्या.

हिरड्यांत सुया टोचून भूल दिली. दुखलं नाही, पण दर पिळ्याला तार करकरायची आणि जबडा थोडा थोडा मिटत जायचा. शेवटचा पीळ बसला तेव्हा घरात कोंडून बाहेरून कडी लावावी तसं झालं. नाक मोकळं होतं, श्वास चालू होता, तरी मी खाटेवर उठून बसले आणि नाकाशी हात धरून हवा येते का ते बघत राहिले. पुढं कितीतरी दिवस मी ते करत होते. जांभई आली की छातीत धस्स व्हायचं.

घरी सोडलं त्या दिवशी एसटीनं निघालो. खेडच्या घाटात वळणं सुरू झाली, डिझेलचा वास आला आणि पोटातून ढवळून आलं. मी यांचं मनगट धरलं. यांचा चेहरा पांढरा पडला. खिशातून कटर निघाला, पण गाडी अशी हेलकावत होती की तो तोंडाशी आणला असता तर ओठच फाटला असता.

"भाऊ, गाडी थांबवा," हे ओरडले. कंडक्टरनं घंटी मारली.

आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो आणि उलटी आलीच. तोंड भरलं, नाकात गेलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. यांनी कटर उचलला. मी नको म्हणून मान हलवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि खाली वाकले. पडलेल्या दातांच्या जागेतून, गालाच्या कडेनं, सगळं बाहेर वाहून गेलं. मग नाकातून श्वास आला. एवढा गोड श्वास मी आयुष्यात घेतला नाही.

हे शेजारी उकिडवे बसले. "मला वाटलं, गेली तू," म्हणाले. कंडक्टर पाण्याची बाटली घेऊन आला. गाडीतलं कोणी कुरकुरलं नाही.

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाचणीची पेज फडक्यातून दोनदा गाळायच्या. रबरी नळीनं ती गालाच्या आतून दाढांच्या मागं सोडायची. अंग वाळत चाललं. आत्याबाई म्हणायच्या, "भिऊ नको गं, लई जनांचं बरं व्हतंय." शेजारणीही तेच म्हणायच्या. मी मान हलवायची.

तारा काढल्या आणि खरी भीती पुढं आली. तोंड उघडेना. जेमतेम एक बोट जाईल एवढी फट. डॉक्टर म्हणाले, "याला ट्रिसमस म्हणतात, जबड्याचे स्नायू आखडलेत. तीन बोटं जातील एवढं तोंड उघडलं पाहिजे. व्यायाम टाळलात तर बिजागरी कायमची धरून बसेल."

लाकडी चपट्या काड्यांची चवड दातांत धरायची, कळ सोसायची, मग आणखी एक काडी सरकवायची. कानापुढं कटकट वाजायचं. पुन्हा मोडलं की काय, असं दर वेळी वाटायचं. काही दिवस तर एकही काडी वाढली नाही. मी रडायची आणि पुन्हा काड्या घ्यायची. पावसाळा सरता सरता तीन बोटं गेली. पुढं हललेल्या दातांचं रूट कॅनाल झालं, म्हणजे आतली मेलेली नस काढून दात वाचवला. गेलेल्या दातांच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना धरून राहणारे पक्के दात, बसले. खालचा ओठ डावीकडं अजून बधिर आहे. चहा सांडला तरी कळत नाही.

हनुवटीला मार लागला आणि दात पूर्वीसारखे जुळेनात, तर थांबू नका, एवढं सगळ्यांना सांगते. त्या डॉक्टरांची आणि ज्यांनी गाडी थांबवली त्यांची मी ऋणी आहे.

काही वर्षांनी घोडेगावच्या एका पाहुण्यांनी बोलावलं. त्यांची सून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली होती, तिचंही तोंड तारेनं बांधलेलं. घरचे तिला घेरून बसलेले. "घाबरू नको, काय नाय होत," असं आळीपाळीनं चाललेलं. मी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं.

तिनं दातांतूनच विचारलं, "ताई, तुमाला भ्या वाटलं व्हतं का?"

"वाटलं," मी म्हणाले. "रोज वाटलं. लई वाटलं."

तिनं माझा हात घट्ट धरला. तिच्या सासूनं मला मागून सांगितलं, भीतीनं तिला झोपच लागत नव्हती; त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती उशीला टेकून झोपली.