पिवळ्या खात्यातल्या बाई

बाई खात्यात शिरल्या की आधी माणसांकडे बघायच्या नाहीत. सरळ मशीनपाशी जायच्या आणि त्याच्या अंगावर तळहात ठेवायच्या. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा, पण उलट्या कारणासाठी. मशीन गार निघालं की बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"सकाळपासून चालू आहे," मी पहिल्याच दिवशी ठोकून दिलं.

बाईंनी हात काढला नाही. "तुम्ही म्हणताय म्हणून लिहिणार नाही. दिसलं तर लिहीन."

मी तेव्हा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, रंगाची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. आमच्या पिवळ्या रंगात शिसं असायचं. कामगारांच्या नाकातोंडात ते किती जातं, हे वर्षातून एकदा बाहेरच्या लॅबकडून मोजून घ्यावं लागे. त्या वर्षी लॅबनं या बाईंना पाठवलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहणाऱ्या, पन्नाशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. एका खांद्यावर हवा ओढणाऱ्या छोट्या पंपांची पेटी, दुसऱ्या खांद्यावर स्वतःचा थर्मास.

आदल्या संध्याकाळी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. उद्या मशीनवर अर्धाच माल घ्यायचा म्हणजे धूळ कमी उडेल, आणि बाईवर नजर ठेवायची. तेव्हा मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो आणि त्या माझ्यावर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर खरं बोलतानासुद्धा आपण चोर आहोत असं वाटायला लागतं. मी तर खरं बोलतही नव्हतो.

मी म्हटलं, आज नेहमीइतकंच काम आहे. बाई ऐकून वळल्या. मागच्या दारानं बाहेर गेल्या, भंगाराच्या कोपऱ्यात टाकलेल्या रिकाम्या गोण्या पायानं बाजूला सारत मोजल्या, कालच्या आणि आजच्या वेगळ्या केल्या, आणि परत येऊन मला एवढंच विचारलं की आज गोण्या कमी का फुटल्यात. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसू नये म्हणून वही छातीशी धरून लिहिलं.

चहा त्यांनी घेतला नाही. समोसे आले, तेही नाहीत. मॅनेजरनं एसीत बसायचा आग्रह केला तर म्हणाल्या, पंप जिथे असेल तिथे मी. आणि खात्याच्या दाराशी एक रिकामा ड्रम उपडा करून पाळी सुटेपर्यंत त्यावर बसून राहिल्या.

कामगारांचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. पंप कमरेला बांधायचा, नळी पाठीवरून वर घ्यायची आणि गळ्यापाशी एक छोटी डबी अडकवायची. डबीत गोल पांढरा कागद असतो. माणूस ज्या हवेत श्वास घेतो तीच हवा पंप ओढतो आणि धूळ कागदावर बसते. एवढं साधं काम. पण खात्यात बातमी पसरली होती की डबीत माइक आहे आणि मालक वर बसून ऐकतो. एक जण दिवसभर तोंडातून शब्द काढेना. दुसरा मिनिटामिनिटाला हनुवटी खाली घालून डबीत सांगायचा, "आपला शेठ देवमाणूस आहे."

फक्त भोईरमामांनी सरळ विचारलं. मामा बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातले, खात्यातले सगळ्यात जुने. "ताई, यातून काय निंगालं त मना कामावरून काढतीन काय?"

बाई पहिल्यांदा थोड्या मऊ झाल्या. म्हणाल्या, "मामा, मी धूळ मोजते, माणूस नाही."

मामांची समजूत पटली की नाही, सांगता येत नाही. पण त्यांनी पंप बांधून घेतला.

महिन्याभरानं रिपोर्ट आला. हवेतली धूळ मर्यादेच्या आत. मॅनेजर खूष झाला, मीही सुटलो. आणि आठवड्याभरात बाई पुन्हा दारात. कामगारांच्या वार्षिक तपासणीचे रक्ताचे रिपोर्ट त्यांना बघायचे होते. ते मी दाखवायला नको होते, पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि उठेचनात. शेवटी मी फाइल पुढे सरकवली. एकेक पान सावकाश उलटत त्या वाचत गेल्या. भोईरमामांच्या पानाशी थांबल्या. मामांच्या रक्तात शिसं बरंच जास्त होतं. खात्यातल्या आणखी काही जणांच्याही. मामांच्या पोटात अधूनमधून कळ यायची, बोटांना मुंग्या यायच्या. ते सगळं वयावर ढकललं गेलं होतं. ढकलणाऱ्यांत मीही होतो.

"हवा चांगली आणि रक्त वाईट," बाई म्हणाल्या. "दोन्हीतलं एक खोटं आहे. साहेब, डबीतला कागद तुम्ही बदललात का?"

मला फार लागलं. अर्धा माल घेतला होता, ते खोटं होतंच. पण कागदाला मी हात लावला नव्हता. आवाज चढवून मी तसं सांगितलं. बाईंनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग नजर खाली नेली आणि माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाल्या, "मग परत मोजायला लागेल. या वेळी कधी येईन ते सांगणार नाही."

आल्या त्या पुढच्या पंधरवड्यात, ऐन पूर्ण कामाच्या दिवशी. पंप बांधले. आकडा नंतर आला तो वाढलेला होता, पण मामांच्या रक्ताचा उलगडा होईल इतका नाही. बाई मात्र त्या दिवशी पंपांकडे बघतच नव्हत्या. ड्रमवर बसून माणसांच्या हातांकडे बघत होत्या. नाक कोण पुसतंय, कपाळ कोण खाजवतंय, मोबाइल कोण काढतंय.

जेवणाच्या आधी भोईरमामा दाराशी उकिडवे बसले. चंची काढली, डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, वर चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला सुरुवात केली. तळहात पिवळा, अंगठा पिवळा. मळून झाल्यावर त्यांनी चिमूट ओठाखाली ठेवली. बाई ड्रमवरून उठल्या.

"मामा, हात का नाही धुतले?"

"नलाला पानी नाय, मंग हात कशानी धुवाचं?"

बाई नळापाशी गेल्या. मीही मागोमाग. त्यांनी तोट्या एकेक करून फिरवल्या, तीनही कोरड्या. पाइप कधीतरी फुटला होता आणि तसाच राहिला होता. शेजारी प्लास्टिकच्या पिंपात पाणी होतं, त्यावर पिवळी साय धरली होती. साबणाचं विचारल्यावर मला सुटल्यासारखं झालं, कारण साबणाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मी ते आणून दाखवलं. दर महिन्याला, दर माणशी, साबण वाटप. खाली माझी सही.

"सही दिसली," बाई म्हणाल्या. "साबण दाखवा."

स्टोअरवाल्यानं कुलूप काढलं. मागच्या मांडणीवर साबणांची खोकी एकावर एक रचलेली होती. वरच्या खोक्यांवर धूळ, खालची दमटपणानं फुगलेली. एकाचीही पट्टी फाडलेली नव्हती. स्टोअरवाला म्हणाला की न्यायला कुणी आलंच नाही, मग मी कुणाला देणार? तो खोटं बोलत नव्हता. पाणीच नाही म्हटल्यावर साबण न्यायला येणार कोण? आणि मी वर्षानुवर्षं बारा सह्या एका बैठकीत करत होतो.

बाई मला काहीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्यांना रिक्षा मिळेना, म्हणून मी स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. स्टेशनाबाहेरच्या टपरीपाशी उतरल्यावर त्या आपणहून म्हणाल्या की चहा घेऊ, इथला चालतो, इथे मी कुणाचं काही मोजत नाही. चहा पिता पिता त्यांनी आपली गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्या दगडाची भुकटी करणाऱ्या एका गाळ्यात मोजणीला गेल्या होत्या. मालकानं प्रेमानं ऑफिसात बसवलं, खाऊ घातलं. संध्याकाळी पंप हातात दिले. कागद पांढरेशुभ्र. आपण तसं लिहून दिलं. पंप दिवसभर कुणाच्या कमरेला होते की टेबलाच्या खणात, ते आपल्याला आजही ठाऊक नाही. काही वर्षांनी त्याच गाळ्यातला एक माणूस सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिसला. दोन पावलं चालला की धाप लागून थांबत होता. त्यानं ओळखलं आणि ताई म्हणून हसला.

"त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते," बाई म्हणाल्या. ग्लास खाली ठेवला आणि पुलाच्या पायऱ्या चढून गेल्या.

त्यांनी रिपोर्ट लिहिला. हवेबद्दल एक पान, आणि नळ, पिंप, साबण, तंबाखू, घरी धुवायला नेले जाणारे कपडे यांबद्दल चार पानं. मॅनेजरनं मला सांगितलं, ती चार पानं काढायला लाव. मी बाईंना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण त्यांचा आवाज ऐकल्यावर विचारलं ते एवढंच की पानांवर पाचपैकी एक, पाचपैकी दोन असे आकडे घातलेत ना, मधलं एखादं गळायला नको. त्यांनी मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. बहुतेक त्या माझ्यावर संशय घेत होत्या.

पुढच्या महिन्यात साबणाच्या रजिस्टरवर मी सही केली नाही. नळ चालू झाल्याशिवाय करणार नाही, असं लिहून दिलं. मॅनेजर पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, पण रिपोर्ट त्या चार पानांसकट फाइलला लागला होता आणि रजिस्टरवर सेफ्टी ऑफिसरची सही का नाही, हे उद्या कुणी विचारलं असतं. पाइप बदलला गेला. कपडे कंपनीतच धुवायची सोय झाली. जेवायच्या आधी मी स्वतः नळापाशी उभा राहायला लागलो. भोईरमामा पहिले काही दिवस माझी टर उडवायचे, मग तेच दुसऱ्यांना ओरडायला लागले. त्यांना काही महिने पिवळ्या खात्यातून बाहेर काढून पॅकिंगला बसवलं. मामांना ती बढती वाटली.

बाईंच्या लॅबला पुढच्या वर्षी बोलावणं गेलं नाही. दुसरी लॅब आली. त्यांचा माणूस अकरा वाजता आला, समोसे खाल्ले आणि जेवणाच्या सुट्टीआधी पेटी बंद करून निघाला. मी त्याला विचारलं, मशीन चालू होतं का. तो म्हणाला, असेलच की साहेब.

वर्षभरानं मामांच्या रक्तातलं शिसं निम्म्यावर आलं. तो रिपोर्टचा कागद घेऊन मी बाईंना शोधत निघालो. कॅम्प पाचमधल्या त्यांच्या घराशेजारच्या सिंधी दुकानदारानं सांगितलं की आजारी असतात, मुलीकडे वांगणीला गेल्या. वांगणीला, शेतं संपून नव्या इमारती सुरू होतात तिथे, तिसऱ्या मजल्यावर बाई खिडकीशी बसल्या होत्या. फार बारीक झाल्या होत्या.

मला वाटलं होतं, कागद बघून त्यांना आनंद होईल. त्यांनी चष्मा लावला आणि विचारायला सुरुवात केली. रक्त कुणी काढलं? खात्यात काढलं की बाहेर? सुई टोचण्याआधी हात साबणानं धुतला होता का, नाहीतर कातडीवरची पावडरच बाटलीत जायची. मी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी कागदाची घडी घालत त्यांनी मान हलवली, बरं आहे म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"अकरा वर्षं त्या खात्यात फिरताय. तुमचं रक्त कधी तपासलंत?"

कधीच नाही. सेफ्टी ऑफिसर कामगारांच्या यादीत नव्हता, आणि ती यादी मीच करत होतो.

"उद्या जाऊन देतो," मी म्हणालो. बाई माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. मुलीनं चहा आणला. माझा हात कपाकडे गेल्यावर त्यांनी बेसिन कुठे आहे ते खुणेनं दाखवलं.

उद्याचे दोन महिने झाले. शेवटी दिलं. शिसं निघालं, फार नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासत चला. रिपोर्ट हातात पडला तसा दवाखान्याच्या बाहेरूनच मी वांगणीला फोन लावला. मुलीनं उचलला. आई गेली, म्हणाली, आज दहावा दिवस.

मी हातातल्या रिपोर्टची घडी घातली. तीच पुढे म्हणाली, "काका, आई तुमचं विचारायची, फोन आला का म्हणून. तुम्ही रक्त दिलंत का?"

"दिलं," मी म्हणालो.

ती जराशी घुटमळली. "राग मानू नका. आई म्हणाली होती, ते दिलं म्हणतील, पण तू रिपोर्ट बघायला माग. फोटो पाठवता का?"

मी स्कूटरच्या सीटवर कागद पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून एका हातानं दाबून धरला. पहिला फोटो हलला. मग दुसरा काढला, नाव आणि तारीख नीट वाचता येईल असा.