मंडईच्या दिवशी व्याख्यान

"मॅडम, भाजीबाजार सकाळीच उरकतो ना? आपलं व्याख्यान दुपारी तीनला आहे. मग अडचण काय?"

फोनवर विद्यापीठातले साहेब होते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मान म्हणून नाही, 'भाजीबाजार' ऐकून.

तेव्हा मी केशोरीकडच्या एका लहान कॉलेजात मराठी शिकवत होते आणि बहिःशालचं केंद्र सांभाळत होते. बहिःशाल म्हणजे विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जाऊन लोकांसाठी दिलेली व्याख्यानं. परीक्षा नाही, फी नाही. वक्ता विद्यापीठ पाठवतं, श्रोते केंद्राने जमवायचे. त्या वर्षीच्या मालेचा विषय होता 'संस्कृती, सेवा आणि समाज'. पहिलं व्याख्यान ऐन भाताच्या रोवणीत आलं, दुसरं हलका धान कापायच्या वेळी. दोन्हीकडे खुर्च्याच खुर्च्या. मग पत्र आलं, तिसऱ्यालाही श्रोते नसतील तर केंद्र बंद. पाहणीला साहेब स्वतः येणार.

तिसऱ्याची तारीख पाहून मी कपाळावर हात मारला. त्याच दिवशी गावची मंडई होती.

तारीख बदलण्याचा अर्ज मी लगेच पाठवला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'मंडई'. आमच्या झाडीपट्टीत याहून जास्त लिहावं लागत नाही. दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपला एक दिवस ठरवतं. सासरी गेलेल्या लेकी येतात, घरोघर पाहुणे येतात, चौकात दंडार चालते. दंडार म्हणजे नाच, गाणी आणि सोंगं. सोयरिकीही तिथेच जुळतात. त्या दिवशी गावात दुसरं काही होत नाही. पण साहेब पश्चिमेकडचे, नुकतेच रुजू झालेले. त्यांच्याकडे मंडईत वांगी मिळतात.

"सर, ही भाजीची मंडई नाही. जत्रेसारखी असते."

"मग तसं लिहायचं ना, मॅडम! अर्ज नामंजूर झाला. वक्त्यांना पत्रही गेलं. आता काही होणार नाही."

त्यांच्यावर रागावताही येईना. पोरांच्या निबंधांवर लाल शाईने 'स्पष्ट लिहा' असं लिहिण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि स्वतःच्या अर्जात मीच एका शब्दावर भागवलं होतं. आमच्या मुलींना नागपूर लांब पडतं. एखादी बाहेरची बाई माईकसमोर उभी राहून आपल्या कामाबद्दल बोलते, हे त्यांनी पाहिलं ते याच केंद्रात. ते माझ्या हातून बंद होणार म्हटल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नियमांची पुस्तिका काढली. तारीख बदलायला मंजुरी लागते. स्थळ बदलायला मात्र नुसतं कळवलं तरी चालतं. हे वाक्य मी तीनदा वाचलं, चप्पल घातली आणि मोतीराम मामांकडे गेले.

मामा दंडारीचे म्होरके. ओसरीवर घुंगरं ओवत बसले होते.

"मामा, मंडईत मले अर्धा तास द्या न जी. दंडार थांबवून."

"काऊन? भाषण आहे का?"

"हो."

"मंग नाही. भाषण म्हटलं का लोक उठून जातेत. आमी सकाळपासून गर्दी जमवाची, आन् तुमी पांगवाची?" मग पुढचं घुंगरू ओवत म्हणाले, "कायचं भाषण आहे पण?"

"सिकलसेलचं. नागपूरच्या डॉक्टरीण बाई येऊन राहिल्या."

मामांचा हात थांबला. त्यांच्या पुतणीचं पोर त्याच आजाराने दर महिन्याला दवाखान्यात असे.

"साडेतीन वाजता आमचं मोठं सोंग निघते," ते म्हणाले. "त्याच्या आधी बोला. सोंगासाठी लोक जागा सोडत नाहीत."

मंडईच्या दिवशी साहेब अडीचला पोचले. गाडीतून ड्रायव्हर दोन रिकाम्या पिशव्या घेऊन उतरला आणि चौक पाहून तिथेच थबकला. सतरंज्या भरल्या होत्या, ओटे भरले होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या.

"सभागृह कुठे आहे?"

"हेच, सर. स्थळबदल कळवला होता."

साहेबांनी सगळीकडे पाहून घेतलं. "मॅडम, हे श्रोते दंडारीचे आहेत. आपल्या रिपोर्टात कसे धरू?"

ते बरोबर बोलत होते. मी माईक डॉक्टरीण बाईंच्या हातात दिला.

डॉक्टरीण बाई उभ्या राहिल्या. सरळ बोलल्या. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आई-बाप दोघंही धडधाकट दिसतात, पण दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असेल तर मूल आजारी निघू शकतं. म्हणून सोयरीक जुळवायच्या आधी रक्त तपासा. वीस मिनिटांत त्यांनी संपवलं. चौकात कुणी हू की चू केलं नाही. मला वाटलं, संपलं आता, सगळे सोंगाची वाट पाहताहेत.

तेवढ्यात पाहुण्यांमधून एक म्हातारा उठला.

"बाई, आमी नातवासाठी आजच पोरगी पाहाले आलो. मंग पोरीच्या बापाले सांगाव काय, रक्त तपास म्हणून?"

ट्रॉलीतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "पोरीचंच काऊन जी? तुमच्या नातवाचं नाही काय?"

चौक खो खो हसला. म्हातारा जरा ओशाळला, पण बसला नाही. "मंग दोघांचंबी तपासू. कोठं जावं लागते, ते सांगा न."

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरेना. तपासणी कोणत्या वारी होते, दुखते का, दोष निघाला तर लग्न होते की नाही. एक बाई नवऱ्याला ढोसून ढोसून विचारायला लावत होती. मोतीराम मामा तोंडाला रंग लावून उभे होते, पण ढोलकीवाल्याला हाताने थांबवत होते. सोंग तासभर उशिरा निघालं.

साहेबांनी डायरी मिटली. "श्रोते धरले, मॅडम. आपलेच आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं आणि तिथेच सतरंजीवर बसून पूर्ण सोंग पाहिलं. तोंड रंगवलेल्या मामांसाठी सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या असतील.

केंद्र राहिलं. त्या म्हाताऱ्याने नातू आणि होणारी नातसून या दोघांचंही रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट चांगले आले, आणि लग्नाची पत्रिका द्यायला म्हातारा स्वतः माझ्या घरी आला.

शिकले ते एवढंच, की अर्जातला शब्द लिहिणाऱ्याला कळून भागत नाही, सही करणाऱ्याला कळावा लागतो. पुढच्या वर्षी मी पुन्हा तारखेसाठी अर्ज केला. या वेळी मंडईचाच दिवस मागितला, आणि कारण तीन ओळींत लिहिलं.