चार केबल आणि एक मेहुणा

आमच्या रुग्णालयात वायरमामांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तिथे टेलिफोनवर बसते, एकोणीस वर्षं झाली. एखादा फोन बंद पडला, वॉर्डातला संगणक रुसला की मी मामांना बोलावणार आणि ते शिडी घेऊन हजर. बोलणं कमी, काम चोख. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि मेहुण्याची नोकरी सुटली तेव्हा साहेबांकडे शब्द टाकून त्याला इथेच चिकटवून दिला. कामही हाताला धरून शिकवलं.

त्यातलं एक काम ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. तळघरातला स्विच, म्हणजे संगणकांच्या आणि फोनच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा, आणि चौथ्या मजल्यावरचा स्विच यांच्यामध्ये एकच केबल होती. ती अपुरी पडायला लागली, म्हणून चार टाकायच्या आणि दोन्ही स्विचना सांगायचं, बाबांनो, या चार वाटा नाहीत, ही एकच आहे. दोन्हीकडे सांगून होईपर्यंत जादा केबल खोचायची नाही. एकीकडे सांगितलं आणि दुसरीकडे राहिलं, तर तीच माहिती गोल गोल फिरत राहते आणि अख्खं नेटवर्क ठप्प. म्हणून मामांचा नियम होता: एकाने खाली बसायचं, एकाने वर, आणि वरच्याने “झालं माझं” म्हटल्यावरच खालच्याने केबल लावायच्या. वर जाऊन खात्री करायची त्यांना कधी गरज वाटली नाही. दुसऱ्या टोकाला घरचाच माणूस होता ना!

त्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा भरायची होती. मामांचं नाव जवळजवळ पक्कं. जन्मभर शिड्या चढलेल्या माणसाला निवृत्तीआधी एक खुर्ची मिळणार, याचा आनंद त्यांच्यापेक्षा मलाच जास्त झाला होता.

मंगळवारी हेच काम निघालं, मामा खाली आणि मेहुणा वर. सकाळी अकरा अडतीसला मामांच्या मोबाइलवर मेहुण्याचा फोन आला. “झालं माझं, दादा. लावा.”

मामांनी केबल लावल्या. दोन मिनिटांत माझ्यासमोरचे सगळे फोन मुके झाले. तपासणीचे अहवाल अडकले, नोंदणीच्या खिडकीपुढची रांग दारापर्यंत गेली, साहेब लालबुंद. पाऊण तास हा गोंधळ चालला.

चौकशीत मेहुणा मान खाली घालून म्हणाला, “मी थांबा म्हटलं होतं. दादांनी घाई केली.” काय तो गरीब चेहरा! मामा मूग गिळून बसले. घाबरला असेल, म्हणाले मला नंतर. आठवड्याने जागा मेहुण्याला मिळाली आणि मामांच्या हातात लेखी ताकीद.

मग मामांनी वरच्या स्विचमधली नोंद छापून काढली. कुठला बदल किती वाजता केला, सगळं त्यात राहतं. वरच्या टोकाचा बदल बारा चोवीसला केलेला होता. म्हणजे “झालं माझं” म्हणताना काहीच झालेलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“चला साहेबांकडे, आत्ताच्या आत्ता,” मी म्हटलं.

“आधी तिला सांगतो. तिला बाहेरून कळायला नको,” मामा म्हणाले.

केसाने गळा कापला गेला तरी यांना बहिणीचीच काळजी! मला राहवलं नाही, मीही सोबत गेले.

मेहुणा घरी नव्हता. मामांनी कागद टेबलावर ठेवला आणि काय झालं ते हळूहळू सांगायला लागले. बहिणीने त्यांना मध्येच थांबवलं.

“मला माहीत आहे, दादा. असं करणार म्हणून ते आदल्या दिवशीच मला बोलले होते.”

मामांनी विचारलं, “आणि तू गप्प बसलीस?”

“मग काय करू? आम्हाला दोन मुलं आहेत. तू एकटा जीव. ती जागा घेऊन तू काय करणार होतास? तुला आहे कोण?”

मामांनी कागद उचलला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

“तू होतीस,” ते म्हणाले.

आम्ही जिना उतरलो. मी बसथांब्याकडे वळले, तर ते उलट्या दिशेने रुग्णालयाकडे चालायला लागले. साहेब सहापर्यंत असतात. वरून ती “दादा, ए दादा” अशा हाका मारत होती. ते थांबले नाहीत.