आधी जागा पाहून येऊ

ताईला नोकरीचा फोन आला तेव्हा घरात सगळ्यात जास्त नाचले ते मी. सूरजागडकडच्या एका खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं काम. मुलाखत मोबाइलवरच झाली. साहेबाचा कॅमेरा म्हणे बिघडलेला. नाव, शिक्षण, घरी कोण कोण एवढं विचारून त्यानं लगेच निवड झाल्याचं सांगितलं. आता नागपूरला यायचं, मूळ कागदपत्रं जमा करायची, तिथूनच गाडी कामावर नेणार. आणि रुजू होईपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही.

मी मनातल्या मनात गावभर पेढे वाटून मोकळी झाले होते. ताई म्हणाली, "आधी जागा पाहून येऊ."

आमच्या ब्रह्मपुरीकडे धानाची कामं संपली की बाया टोळीनं तेलंगणात मिरची तोडायला जातात. टोळी निघण्याआधी दोघी जणी पुढे जाऊन जागा पाहून येतात. राहायचं कुठं, पाणी कुठून आणायचं, मालक बोलतो कसा, आधीच्या बाया काय म्हणतात. जाताना रिकाम्या हातानं जायचं, ॲडव्हान्सला हात लावायचा नाही. त्या हो म्हणाल्या तरच टोळी गाडीत चढते. आमची आई नेहमी या पुढं जाणाऱ्यांत असायची आणि ताई सुट्टीत तिच्या मागं.

मी चिडले. "हे का मिरचीचं वावर हाय? कागदं नाई नेले तं नोकरी जाईन ना!"

"जाईन तं जाईन. पाहाले जाताना गाठोडं नेत नसतात."

नोकरी लागेल या भरवशावर तिनं चांगलं स्थळ परत पाठवलं होतं. आता नोकरीलाही नाही म्हणायला तिच्याकडं तोंड उरलं नव्हतं. तरी मूळ कागदं पेटीतच राहिली, आणि मी धुसफुसत तिच्यासोबत निघाले.

नागपूरच्या त्या पत्त्यावर निघालं एक बंद मंगल कार्यालय. दारात गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडची एक पोरगी बॅग घेऊन, फाइल छातीशी धरून उभी होती. तिलाही तोच फोन, तीच नोकरी. घरी तिनं मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं होतं.

थोड्या वेळानं एक गाडी आली. आतला माणूस म्हणाला, "फाइल द्या आणि बसा."

ताई गाडीच्या दाराशी गेली. "राहाची सोय कुठी हाय, भाऊ? तिथी आधीच कामावर हाय अशा एखाद्या पोरीसंग फोनवर बोलू द्या."

तो आधी हसला, मग खेकसला. एवढे प्रश्न विचारणाऱ्या पोरी कंपनीला नकोत म्हणाला, आणि त्या पोरीच्या फाइलला हात घातला. ताईनं तिचं मनगट पकडून मागं ओढलं. "सोडा फाइल! हे पोरगी माझ्यासंगं हाय. आमी पाहून घेतलं, आमाले नाई जमत!" आवाज असा चढवला की समोरच्या टपरीवरची माणसं उठून आली. गाडी पसार झाली. साहेबाचा फोन त्यानंतर कधी लागलाच नाही.

पोलीस ठाण्यात सगळं सांगून, त्या पोरीच्या घरी कळवून आम्ही तिघी एकाच बसनं परत निघालो. तिचे वडील तिला घ्यायला गडचिरोलीला येणार होते. पोरगी ताईच्या खांद्यावर झोपली. आणि मी, जी सकाळी तोंड फुगवून बसले होते, ती आता ताईचं कौतुक करताना थकत नव्हते. अशी हिंमत मी माझ्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

"ताई, तुले पयलेच समजलं होतं ना, का हे खोटं हाय म्हनून?"

"नाई वं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मले तं खरंच वाटलं होतं. सायबासमोर काय काय बोलाचं, ते मी रस्ताभर पाठ करत आली होती."